गॅस आणि वीजबिलाची सरकारी मदत: कागद कुठे अडतो आणि कसा सोडवायचा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एक मावशी प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन माझ्याकडे आल्या. गॅसचं पुस्तक, तीन बँकांची तीन पासबुकं, रेशनकार्ड आणि घडीवर फाटत आलेलं आधार. "मोफत सिलिंडर, मोफत सिलिंडर म्हणतात, माझ्या खात्यात तर एक रुपया नाही." दुपारभर आम्ही दोघी एकेक कागद लावत बसलो. पैसे आले होते. ते तिसऱ्या पासबुकात जमा होत होते, आणि ते पासबुक मावशींनी चार वर्षांत भरूनच घेतलं नव्हतं.

तेव्हापासून शेजारपाजारच्या बायकांचे अर्ज भरताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मदत मिळत नाही म्हणणारं घर बहुतेक वेळा पात्र असतं. पैसा अडतो तो नावात, खात्यात किंवा एखाद्या न केलेल्या ई-केवायसीत, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्यात. म्हणून योजनांची नावं पाठ करण्याआधी कागद सरळ करायचे. पुढचा क्रम मी त्याच हिशेबाने लावला आहे.

पहिलं काम: पैसे कुठल्या खात्यात येणार ते शोधा

गॅसचं अनुदान असो की दुसरी कुठली थेट मदत, पैसे खाते क्रमांकावर येतातच असं नाही. बरेचदा ते आधार क्रमांकावर येतात आणि आधारला जोडलेल्या खात्यात जाऊन बसतात. इथे एक बारीक फरक आहे, आणि निम्म्या तक्रारी त्याच्यातूनच निघतात.

बँकेत खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली, म्हणजे ते खातं अनुदानासाठी जोडलं गेलं असं नाही. ती झाली ओळख पटवणं. अनुदानासाठी बँकेने तुमचा आधार क्रमांक एनपीसीआय या संस्थेच्या यादीत त्या खात्यासमोर नोंदवावा लागतो. याला आधार सीडिंग म्हणतात. तुमची पाच खाती असली तरी या यादीत एका वेळी एकच खातं असतं, आणि सगळ्यात शेवटी जे सीड झालं तेच चालतं. कुणी नवं खातं काढून देताना फॉर्मवर चार ठिकाणी सह्या घेतल्या आणि त्यात सीडिंगची संमतीही होती, की जुन्या खात्यात येणारे पैसे गुपचूप नव्याकडे वळतात. मावशींचं नेमकं हेच झालं होतं.

तपासायचं कसं? आधारच्या संकेतस्थळावर माय आधारमध्ये ओटीपी टाकून आत गेलात की बँक सीडिंगची स्थिती दिसते: बँकेचं नाव आणि सीडिंग चालू की बंद. साधा फोन असेल तर *९९*९९*१# लावून आधार क्रमांक टाकता येतो. आधारला मोबाईल नंबर जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो जोडा, नाहीतर पुढच्या प्रत्येक पायरीला ओटीपीपाशी अडाल. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचं आहे" हेच शब्द वापरा (डीबीटी म्हणजे खात्यात थेट येणारी सरकारी मदत). नुसतं "आधार लिंक करा" म्हटलं तर काउंटरवरचा माणूस ओळखपत्र जोडून मोकळा होतो.

त्याच दिवशी आधार, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षराअक्षराने वाचा. एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं, तिसरीकडे नुसतं पहिलं नाव, असं असेल तर दुरुस्ती आधारपासून सुरू करा. बाकीचे कागद त्याला जुळवून घेणं सोपं जातं.

उज्ज्वला: घरात गॅसच नसेल तर

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. दुसरा टप्पा ऑगस्ट २०२१ मध्ये आला. कनेक्शन घरातल्या १८ वर्षांवरच्या बाईच्या नावावरच मिळतं, आणि त्या घरात कुठल्याही कंपनीचं गॅस कनेक्शन आधीपासून असता कामा नये. सिलिंडर आणि रेग्युलेटरची अनामत भरावी लागत नाही. नळी, पुस्तक आणि जोडणीचा खर्च सरकार करतं. पहिला भरलेला सिलिंडर आणि शेगडीही मोफत.

अर्जाला लागतं काय: तिचं आधार, रेशनकार्ड, घरातल्या इतर मोठ्या माणसांची आधार कार्डं, बँक खातं आणि फोटो. उज्ज्वलाच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो, पण मी जवळच्या गॅस एजन्सीत जाऊन कागदी फॉर्म भरायला सांगते. एखादा कागद कमी असला तर तिथल्या तिथे कळतं.

कामासाठी गाव सोडून आलेल्यांनी हे नीट लक्षात ठेवा. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर राहणाऱ्या घराकडे इथलं रेशनकार्ड नसतं, भाडेपावतीही नसते. दुसऱ्या टप्प्यात अशा स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी आणि कुटुंबाच्या तपशिलासाठी स्वयंघोषणापत्र चालतं. "इथलं रेशनकार्ड आणा" म्हणून परत पाठवलं तर स्वयंघोषणेचा नमुना मागा. तरीही नाहीच ऐकलं, तर उज्ज्वलाचा टोल फ्री क्रमांक १८००-२६६-६६९६ आहे.

कनेक्शन मिळाल्यानंतरची मदत म्हणजे दर सिलिंडरमागचं अनुदान. मे २०२२ मध्ये ते २०० रुपये होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ३०० झालं. २०२५-२६ साठी केंद्राने वर्षाला ९ सिलिंडरपर्यंत ३०० रुपये ठरवले. त्याआधी ही मर्यादा १२ होती. सिलिंडर घेताना पूर्ण किंमत मोजायची आणि अनुदान नंतर खात्यात येतं.

ई-केवायसी राहिली असेल तर हे अनुदान अडतं. ती मोफत आहे. एजन्सीत अंगठा देऊन होते, सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाकडच्या मोबाईलवर होते, कंपनीच्या ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्याही होते. हिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

अन्नपूर्णा: राज्याचे तीन सिलिंडर

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेचा शासन निर्णय जुलै २०२४ चा आहे. वर्षाला ३ सिलिंडर मोफत, तेही दोन गटांना: उज्ज्वलाच्या लाभार्थी आणि लाडकी बहीण योजनेत पात्र असलेल्या कुटुंबातल्या महिला. हिशेब असा मांडला आहे की उज्ज्वलाच्या बाईला केंद्राच्या ३०० रुपयांवर राज्य ५३० घालतं, आणि ज्यांना केंद्राचं अनुदान नाही त्यांना राज्य एका सिलिंडरमागे ८३० देतं.

अटी लहान आहेत पण अडवतात त्याच. एका रेशनकार्डावर एकच लाभार्थी. महिन्याला एकाच सिलिंडरचं अनुदान. सिलिंडर १४.२ किलोचाच हवा, म्हणजे उज्ज्वलात ५ किलोचा छोटा घेतलेल्या घराला राज्याचे पैसे मिळत नाहीत. अशांनी एजन्सीत जाऊन तो १४.२ च्या सिलिंडरशी बदलून घ्यावा. १ जुलै २०२४ नंतर फोड करून वेगळं काढलेलं रेशनकार्ड धरत नाहीत.

आणि कनेक्शन बाईच्या नावावर हवं. लाडकी बहीणचे पैसे येतात, पण गॅस नवऱ्याच्या किंवा वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, अशी कितीतरी घरं मी पाहिली. नाव बदलण्याचं काम एजन्सीत होतं. ज्यांच्या नावावर आहे त्यांची संमती, ते हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची ना हरकत, शिवाय नव्या नावाचं आधार आणि रेशनकार्ड. सासऱ्यांच्या नावाने सिलिंडर येतोय ना, मग चाललंय तसं चालू दे, असं म्हणू नका. त्या एका फॉर्मसाठी दरवर्षी दोन-अडीच हजार रुपये सुटतात.

मोफत या शब्दाने फसगत होते ती अशी. सिलिंडर दारात आला की पैसे पूर्णच द्यावे लागतात, परतफेड मागाहून येते. ज्या घरात महिनाअखेरीला ८००-९०० रुपये एकरकमी निघत नाहीत तिथे मोफत सिलिंडरही चुलीपर्यंत पोहोचत नाही. आमच्या गल्लीत बचत गटाने यावर साधी वाट काढली. ज्या बाईचा नंबर असेल तिला गट सिलिंडरचे पैसे उचल देतो, आणि अनुदान आलं की ती परत करते. खातं नीट सीड केलेलं असलं तरच हे चालतं, म्हणून गटात आता आधी ते तपासतात.

पैसे आले की नाही हे पासबुक भरूनच पाहा, मेसेजच्या भरवशावर राहू नका. तेल कंपन्यांच्या माय एलपीजी संकेतस्थळावर १७ अंकी एलपीजी आयडी टाकला की कुठल्या सिलिंडरचं किती अनुदान कधी गेलं ते दिसतं. हा आयडी गॅसच्या पावतीवर असतो. अनुदानाची तक्रार १८००-२३३३-५५५ वर नोंदवता येते. तक्रार क्रमांक पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

सिलिंडर दारात आल्यावर दोन गोष्टी करा. बुकिंगनंतर मोबाईलवर येणारा डिलिव्हरी कोड सिलिंडर हातात आल्याशिवाय सांगू नका. तुमच्या नावावर सिलिंडर निघाला आणि दुसरीकडेच गेला, तर वर्षाच्या तीनातला एक बुडाला. दुसरं, वजन करायला सांगा. सिलिंडरच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं असतं, समजा १५.९ किलो. त्यात १४.२ मिळवले की ३०.१ किलो. काट्यावर तेवढं भरलं पाहिजे. वजन करून मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि घरपोच आणून देण्याचे पैसे पावतीतच धरलेले असतात. गॅसचा वास आला किंवा गळती वाटली तर १९०६, दिवसरात्र चालू असतो.

वीजबिल: तुमचं घर खरं तर कुठल्या दरात बसतं?

महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या घरगुती ग्राहकासाठी वीज नियामक आयोगाने वेगळा, बराच कमी दर ठेवला आहे. तो मिळायला दोन मोजमापं आहेत: मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज घ्यायची परवानगी आहे तो, ०.२५ किलोवॅटपर्यंत, आणि मागच्या आर्थिक वर्षातला वापर ३६० युनिटपर्यंत. दरवर्षी मार्चनंतर याची फेरतपासणी होते. एकदा ३६० च्या वर गेलात की साध्या घरगुती दरात जाता, आणि पुढे वापर कितीही कमी केला तरी परत येता येत नाही.

३६० म्हणजे दिवसाला साधारण एक युनिट. हिशेब करून पाहू. ९ वॅटचे दोन एलईडी दिवे ६ तास: १०८ वॅट-तास. साधा ७५ वॅटचा पंखा १० तास: ७५०. झाले ८५८. त्यात ५० वॅटचा टीव्ही ४ तास लावला की २०० वाढले आणि १,०५८ झाले. एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. म्हणजे एका टीव्हीने वर्षाची मर्यादा ओलांडली. आता तोच पंखा ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घेतला तर ७५० चे ३०० होतात, एकूण ६०८, आणि उन्हाळ्यात पंखा जास्त चालला तरी घर मर्यादेत राहतं. हा पंखा साध्यापेक्षा महाग असतो हे खरं, पण या दरातल्या घराला त्याच्याइतका उपयोगी खर्च मला दुसरा दिसत नाही.

बिलावर पाहायचं कुठे? "दर संकेत" आणि "मंजूर भार" हे दोन रकाने शोधा. कमी वापराच्या घराचा मंजूर भार कधीकाळी विनाकारण जास्त नोंदला गेला असेल तर भार कमी करण्याचा अर्ज उपविभागीय कार्यालयात करता येतो. नवीन जोडणी घेणाऱ्यांनी तर भार लिहितानाच विचार करावा. ०.२५ किलोवॅटपर्यंतचा भार आणि पहिल्या बिलात दिवसाला एक युनिट या हिशेबाने ३० युनिटच्या आत वापर असेल, तर नवा ग्राहकही या दरात बसतो.

बाकी घरगुती ग्राहकांसाठी टप्पे आहेत: १०० पर्यंत, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. १०१ वं युनिट पडलं की सगळीच युनिटं महाग होतात असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नसतं. पहिली १०० स्वस्त दरानेच मोजली जातात, वरच्यांनाच पुढचा दर लागतो. मात्र रीडिंग दीड-दोन महिन्यांनी घेतलं आणि सगळी युनिटं एका महिन्याची म्हणून मोजली, तर नुकसान होतं. अशा बिलात टप्पे दिवसांच्या प्रमाणात वाढवून मिळायला हवेत. लॉकडाऊननंतर जून २०२० मध्ये तीन महिन्यांची एकत्र बिलं आली तेव्हा हाच प्रश्न घरोघरी उभा राहिला होता. म्हणून मागच्या आणि चालू रीडिंगची तारीख आधी वाचा, रक्कम मागाहून.

छोट्या सवलतीही सोडू नका. महावितरणचं बिल वेळेआधीच्या मुदतीत भरलं की १ टक्का सूट मिळते, ऑनलाइन भरलं की पाव टक्का.

बिल चुकलं, थकलं, वीज तोडायला आले

माझ्याच घरी एकदा सलग तीन महिने सरासरी बिल आलं. रीडिंगच्या जागी छापलं होतं, घर बंद. घर काही बंद नव्हतं, मीटर जिन्याखाली उघड्यावर होता. चौथ्या महिन्यात सगळं एकदम अंगावर आलं. तेव्हापासून दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला मी मीटरचा फोटो काढते. वीज कंपनीच्या ॲपवर तो पाठवताही येतो. वादाच्या वेळी तारखेसह काढलेले चार फोटो दहा अर्जांचं काम करतात.

तक्रार पहिल्यांदा उपविभागीय कार्यालयात लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. वीज तक्रारीच्या १९१२ या क्रमांकावर फोन केला तरी हा कागद हवाच. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, तुम्ही स्वतः बोलू शकता. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत.

वीज तोडण्याबद्दल विद्युत कायदा २००३ चं कलम ५६ माहीत असू द्या. पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीपोटी वीज तोडता येत नाही. नोटीस मोबाईलवरही येते, तेव्हा बिलावर नोंदलेला नंबर तुमचाच आहे ना ते पाहा. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती "हरकत नोंदवून" भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. हे वाक्य अर्जात कलमासकट लिहा. आणि दोन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी, जी मधल्या बिलांत सतत दाखवलेली नाही, ती अचानक वसूल करता येत नाही.

थकबाकी खरीच असेल तर लपू नका, हप्ते मागा. उशिराचं व्याज चढत जातं. कायमची वीज तोडलेल्या घरांसाठी महावितरणने २०२४ मध्ये अभय योजना आणली होती. मुद्दल भरायचं, व्याज आणि विलंब आकार माफ, ३० टक्के आधी आणि उरलेलं सहा हप्त्यांत. अशी योजना जाहीर झाली की मुदतीच्या आत अर्ज करा.

"आज रात्री वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज एखाद्या वैयक्तिक मोबाईल नंबरवरून आला तर तो फसवणुकीचाच. फोन लावू नका, पाठवलेली लिंक उघडू नका.

स्वतःचं छत असेल तर

केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ची. १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्यापुढे ७८,००० अनुदान. पण उरलेली रक्कम गरीब घराने आणायची कुठून? त्यासाठी महाराष्ट्राने २०२५ मध्ये स्मार्ट नावाची जोड योजना आणली, ५ लाख घरांसाठी. १ किलोवॅटची किंमत ५०,००० धरली आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला केंद्राच्या ३०,००० वर राज्य १७,५०० देतं, म्हणजे घरचे फक्त २,५००. महिन्याला १०० युनिटच्या आत वापरणाऱ्या इतर घरांत अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला ५,००० आणि बाकीच्यांना १०,००० भरावे लागतात. आधी येईल त्याला आधी असा क्रम आहे, आणि वीजबिल थकलेलं असेल तर अर्ज पुढे जात नाही. म्हणून वरचं थकबाकीचं काम या आधी.

१ किलोवॅटमधून दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, महिन्याला शंभर-एकशेवीस. लहान घराचं बिल त्यात निघतं, मात्र स्थिर आकार भरावाच लागतो. अर्ज सूर्यघरच्या पोर्टलवर, बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून होतो. बिल ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने अर्ज. वारलेल्या माणसाच्या नावाचं बिल असेल तर आधी तिथलं नाव बदला.

भाड्याने राहणाऱ्यांना यातलं काहीच लागू होत नाही, आणि हे मला फार खटकतं. सगळ्यात जास्त दराने वीज घेणारी घरं तीच असतात, कारण मालक सबमीटर लावून युनिटचा भाव स्वतः ठरवतो. बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाला कर्नाटकच्या गृहज्योतीत भाडेकरू असूनही लाभ घेता येतो: २०२२-२३ सालच्या सरासरी वापरावर १० टक्के जास्त, आणि तेही २०० युनिटच्या आत, एवढ्यापर्यंत बिल शून्य. इंदूरमध्ये १५० युनिटपर्यंत वापर असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये. महाराष्ट्रातल्या भाडेकरूने निदान मालकाकडे मूळ बिलाची प्रत मागावी आणि त्यावरचा दर आपल्याला लावलेल्या दराशी ताडून पाहावा.

छत पाहताना १ किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ ला वर जाऊन सावली कुठे पडते ते खडूने आखा. आमच्या मावशींच्या पत्र्यावर दुपारी तीननंतर शेजारच्या पिंपळाची सावली येते. त्यांनी पूर्वेकडची बाजू आखून ठेवली आहे, आणि बिलावर अजून त्यांच्या नवऱ्याचं नाव आहे ते बदलायचा अर्ज या सोमवारी दिला.